सुरियसुत्त, विजयदुर्गचे ग्रहण आणि विज्ञाननिष्ठेच्या दोन कसोट्या

‘बौद्ध धम्म हा विज्ञाननिष्ठ धम्म आहे’ हे विधान आपल्या वाचकांना नवे नाही. धम्मपरिषदांच्या व्यासपीठांवरून, वर्षावासातील प्रवचनांतून आणि विहारांच्या फलकांवरून ते आपण वर्षानुवर्षे ऐकत व वाचत आलो आहोत. हे विधान खोटे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. मात्र ते ज्या सहजतेने उच्चारले जाते त्या सहजतेविषयी शंका घेण्यास जागा आहे. ज्या विधानाची परीक्षा कधी झालीच नाही, ते विज्ञाननिष्ठेविषयीचे असले तरी आपण ते श्रद्धेनेच स्वीकारलेले असते.

परीक्षेसाठी सोयीचे उदाहरण निवडण्याचा मोह टाळला पाहिजे. म्हणून येथे तिपिटकातील असे एक सुत्त घेऊ की जे या विधानाच्या आड येते. आणि ते कोकण किनाऱ्यावरील अशा एका स्थळाशेजारी ठेवून वाचू की जेथे आधुनिक खगोलविज्ञान आपली उपकरणे घेऊन प्रत्यक्ष उभे राहिले होते. सुत्त आहे संयुत्तनिकायातील सुरियसुत्त आणि स्थळ आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सूर्यग्रहण.

सुत्त काय सांगते

सुरियसुत्त हे सगाथवग्गातील देवपुत्तसंयुत्तात येते. त्याच्या आधीच्या चन्दिमसुत्तात चंद्राविषयी अशीच कथा आहे. कथा थोडक्यात अशी: भगवान श्रावस्तीला असताना असुरेंद्र राहू सूर्य देवपुत्राला ग्रासतो. भयभीत सूर्य बुद्धाचे स्मरण करतो आणि शरण येतो. भगवान राहूला सूर्यास सोडून देण्यास सांगतात. राहू त्याला सोडतो, लगबगीने असुरराज वेपचित्तीकडे जातो आणि थरथरत सांगतो की, न सोडता तर आपल्या मस्तकाची सात शकले झाली असती.

ही कथा ग्रहणाचे कारण म्हणून राहूला मान्य करते, याविषयी पाली जाणणाऱ्याने संदिग्धता ठेवू नये. ‘राहू म्हणजे अज्ञान आणि सूर्य म्हणजे प्रज्ञा’ असे रूपक करून काही व्याख्याते या अडचणीतून सुटू पाहतात. परंतु मूळ सुत्तात अशा रूपकाची सूचना कोठेही नाही. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनीही रूपक केले नाही. त्यांच्या अट्ठकथेत राहूच्या देहाची उंची ४८०० योजने दिली आहे. त्याच शतकाच्या अखेरीस, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने आपल्या ग्रंथात लिहिले की, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झाकते. एकाच शतकातील या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे ग्रहणाच्या कारणापुरते बोलायचे तर आर्यभट बरोबर होता आणि आपले अट्ठकथाकार चूक होते, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

याच तिपिटकाची दुसरी बाजूही आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ज्या हीन विद्यांवर काही श्रमण-ब्राह्मण पोट भरतात, त्यांची एक लांबलचक यादी येते. चंद्रग्रहण व सूर्यग्रहण वर्तविणे आणि त्यांची शुभाशुभ फळे सांगणे यांचा त्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे. तथागत अशा मिथ्या आजीविकेपासून अलिप्त आहेत, असे ते सुत्त सांगते. म्हणजे एका ठिकाणी राहूची कथा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ग्रहणाच्या नावाने चालणाऱ्या धंद्याचा निषेध आहे. या दोहोंमध्ये निवड कशाच्या आधारे करायची, हा प्रश्न आपण पुढे घेऊ. तत्पूर्वी विजयदुर्गास जाऊ.

विजयदुर्गावरील विज्ञान

मालवणच्या उत्तरेस, देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग किल्ला उभा आहे. किल्ल्यावर काही दगडी चौथरे आहेत. ‘साहेबांचे कट्टे’ म्हणून ते पाहुण्यांना दाखविले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच हेलियम वायूचा शोध लावला, असे तेथे सांगितले जाते. अलीकडे १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून किल्ल्यावर साजराही होतो.

ही कथा अभिमानास्पद आहे; पण ती कागदपत्रांच्या कसोटीस उतरत नाही. १८६८ च्या त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून केले. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. तेथून त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसतानाही, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्यातील पिवळ्या रेषेचा मागोवा घेत ते एका अज्ञात मूलद्रव्याच्या कल्पनेपर्यंत पोचले. पुढे १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी हेलियम पृथ्वीवरील एका खनिजातून मिळविला. लॉकियर विजयदुर्गास खरोखर आले होते. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेलपोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत त्यांनी प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथे आपली उपकरणे मांडली होती.

तीस वर्षांच्या अंतरावरील दोन घटना लोकस्मृतीत एक झाल्या आणि एक आख्यायिका तयार झाली. यात कोकणातील माणसांना हसण्याचे कारण नाही. आख्यायिका केवळ धर्माच्याच भोवती तयार होतात असे नाही, तर विज्ञानाच्या भोवतीही होतात, एवढेच यातून शिकावयाचे आहे. ‘किल्ल्यावर असे सांगतात’ हे प्रमाण होऊ शकत नाही, तसेच ‘सुत्तात असे लिहिले आहे’ हेही प्रमाण होऊ शकत नाही. कालामांना केलेल्या उपदेशात अनुश्रव, परंपरा आणि पिटकाचा आधार यांची गणना एकाच रांगेत केली आहे, हे येथे स्मरावे.

सावली कोणावर पडली?

येथवर ग्रहणाच्या कारणाचा विचार झाला. परंतु आपल्या वाचकांच्या दृष्टीने ग्रहणाला आणखी एक इतिहास आहे आणि तो आकाशातला नाही. ग्रहण लागले की महार-मांग वस्त्यांतील माणसांनी गावात फिरून ‘दे दान सुटे गिराण’ अशी आरोळी द्यावी आणि घराघरांतून जुनी वस्त्रे, धान्य, पैसे गोळा करावेत, ही महाराष्ट्रातील गावोगावची रीत होती. राहू-केतूंची जातही याच वस्तीतली, असा समज रूढ होता. दाता स्नान करून शुद्ध होई. त्याने काढून टाकलेले अशुभ दानासोबत घेणाऱ्याच्या पदरात जाई. ग्रहण लागे सूर्याला, पण त्याचा विटाळ वाहून नेण्याचे काम जमिनीवरील माणसांकडे होते.

या रीतीला ज्ञानाचा अभाव हे कारण होते काय? तसे म्हणता येत नाही. आर्यभटाने ग्रहणाचे खरे कारण ४९९ मध्येच सांगितले होते. वराहमिहिरालाही ते ठाऊक होते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने छायेच्याच आधारे ग्रहणाचे गणित मांडले. पण राहू हे कारण नव्हे असे म्हणणाऱ्यांना त्यानेच श्रुति-स्मृतींचा हवाला देऊन दूषण दिले. अकराव्या शतकात अल्बेरुनीने हा विरोधाभास नेमका हेरला आणि इतका मोठा गणिती असे का लिहितो, याचे आश्चर्य नोंदविले. आजही पंचांगाच्या एकाच पानावर ग्रहणाचा स्पर्श, मध्य व मोक्ष मिनिटांच्या अचूकतेने छापलेला असतो आणि त्याखालीच वेध पाळण्याचे नियम असतात. गणित आणि विटाळ शतकानुशतके एकाच घरात सुखाने नांदले आहेत.

१८९८ मध्ये विजयदुर्गावर जगातील उत्तम उपकरणे आली. त्यांनी सूर्याच्या वातावरणातील मूलद्रव्ये ओळखली. त्या दिवशी कोणाच्या वस्तीतून कोणती आरोळी उठत होती, हे पाहणे त्या उपकरणांचे काम नव्हते आणि त्याबद्दल त्यांना दोषही देता येणार नाही. परंतु विज्ञान आले की माणसाला माणूस म्हणून वागविणे आपोआप येते, हा भ्रम मात्र येथे दूर होतो. ती आरोळी दुर्बिणीने थांबविली नाही. गावकीची हलकी कामे आणि मागून खाण्याचा हक्क सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश ज्यांनी मानला आणि १९५६ मध्ये ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांनी ती थांबविली. आपला हक्काचा तुकडा सोडून देणे हा आर्थिकदृष्ट्या तोट्याचा निर्णय होता आणि तो गरिबातल्या गरीब माणसांनी घेतला.

आता पुन्हा सुरियसुत्ताकडे वळू. त्यातील खगोल चुकीचा आहे, हे आपण मान्य केले. पण त्या सुत्तात काय नाही, हेही पाहिले पाहिजे. तेथे ग्रहणस्नान नाही, दान-दक्षिणा नाही, पुरोहित नाही, विटाळ नाही; कोणाचीही जात अशुभाच्या वाहतुकीसाठी राखून ठेवलेली नाही. तेथे भ्यालेला एक जीव आहे आणि त्याला अभय देणारा एक शास्ता आहे. सुत्तकाराचे आकाशाविषयीचे ज्ञान चूक, पण माणसांविषयीचे वर्तन निर्दोष. उलट ब्रह्मगुप्ताच्या परंपरेत आकाशाविषयीचे ज्ञान बरोबर, पण त्या ज्ञानाने माणसांच्या वर्तनाला हात लावला नाही. यावरून असे दिसते की विज्ञाननिष्ठेच्या कसोट्या एक नसून दोन आहेत. सांगितलेली वस्तुस्थिती खरी आहे काय, ही पहिली. त्या ज्ञानाने कोणाचे दुःख कमी झाले आणि कोणाचे वाढले, ही दुसरी. एका कसोटीत उत्तीर्ण झाल्याने दुसरीत सवलत मिळत नाही.

प्रमाणपत्राची हाव

आपल्याकडील धम्मविषयक लेखनात पहिल्या कसोटीचे एक विकृत रूप आढळते. विज्ञानाने जे आज सांगितले ते बुद्धाने आधीच सांगितले होते, असे सिद्ध करण्याची ही हाव आहे. अभिधम्मातील कलापांमध्ये अणू शोधले जातात. संवट्ट-विवट्ट कल्पांमध्ये विश्वाची उत्पत्ती शोधली जाते. अग्गञ्ञसुत्तात उत्क्रांतिवाद शोधला जातो.

अग्गञ्ञसुत्ताचे उदाहरण विशेष बोलके आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोघे ब्राह्मण कुळातून संघात येऊ पाहणारे तरुण. त्यांचे जातभाई त्यांची निर्भर्त्सना करतात. त्या संदर्भात भगवान सृष्टीच्या आरंभाची कथा सांगतात आणि वर्ण हे ब्रह्म्याच्या मुखातून निघालेले नसून माणसांच्या व्यवहारातून निर्माण झालेले आहेत, असे दाखवून देतात. या सुत्ताचे मर्म जन्मजात श्रेष्ठत्वाच्या खंडनात आहे. त्यातील रसमय पृथ्वीची कथा जीवशास्त्र म्हणून पुढे केली तर जीवशास्त्रज्ञ हसतील आणि सुत्ताचे मर्मही हातचे जाईल. परक्या वाङ्मयातील ‘पुराणातले विमान’ आपल्याला हास्यास्पद वाटते. मग आपल्या वाङ्मयातील उत्क्रांतिवाद आपण कोणत्या तोंडाने मिरवावा?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, धर्म टिकावयाचा असेल तर तो बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, अशी अट घातली. ही अट पुष्कळदा उद्धृत होते. परंतु त्याच लेखात तिच्या बरोबरीने स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना मान्यता देण्याची आणि दारिद्र्याला पवित्र न मानण्याची अट आहे. ती त्या मानाने कमी उद्धृत होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांत जो भेद केला तो याच दिशेचा आहे. जगाचा आरंभ कसा झाला हे सांगणे हा धर्माचा उद्देश असेल, पण जगाची पुनर्रचना करणे हा धम्माचा उद्देश आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तसे असेल तर धम्म हा विज्ञानाचा प्रतिस्पर्धी नाही, आणि विज्ञानाच्या प्रमाणपत्राचा उमेदवारही नाही. याच ग्रंथात बाबासाहेब सद्धम्माचे विवेचन करताना प्रज्ञेपाशी थांबत नाहीत. प्रज्ञेला शीलाची, शीलाला करुणेची आणि करुणेला मैत्रीची जोड देतात. ब्रह्मगुप्ताजवळ काय नव्हते, याचे उत्तर या क्रमात आहे.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेता येतील आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा. जे बुद्धिसंगत आणि लोकहिताचे आहे तेच बुद्धवचन मानावे, असा निकष बाबासाहेबांनी दिला. मग जे जे आपल्याला पटणार नाही ते ते प्रक्षिप्त ठरवून आपण बुद्धाला कायमचे निर्दोष करून टाकत नाही काय? हा चक्रक-दोष आहे, असे पाली विद्यापीठीय अभ्यासक म्हणतात. आणि इतिहासलेखनाचा निकष म्हणून पाहिले तर त्यांचे म्हणणे निराधार नाही. कोणते सुत्त प्राचीन आणि कोणते उत्तरकालीन, हे भाषा, छंद आणि समांतर पाठ यांच्या आधारेच ठरवावे लागते. येथे आपल्याच किनाऱ्यावरील एक आदर्श आठवतो. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी चार निमित्तांची सुप्रसिद्ध कथा अशीच पाठांच्या तुलनेने तपासली. ती मुळात महापदानसुत्तातील विपस्सी बुद्धाची कथा आहे, हे त्यांनी दाखविले आणि गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या कलहात शोधले. त्यांनी श्रद्धेचा अपमान केला नाही आणि पुराव्याशी तडजोडही केली नाही. बाबासाहेबांचा निकष हा स्वीकाराचा निकष आहे, ऐतिहासिक कालनिर्णयाचा नव्हे. सुरियसुत्त प्राचीन असू शकेल. तरीही ते आचरणासाठी आपण स्वीकारीत नाही. ही दोन वाक्ये एकत्र उच्चारता आली तर दोष उरत नाही. सुत्त लपविण्याचीही गरज नाही आणि त्याला रूपकाचे वस्त्र नेसविण्याचीही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. पुनर्जन्माची चर्चा करताना बाबासाहेबांनी शक्तीच्या अक्षय्यतेच्या वैज्ञानिक सिद्धांताचा आधार घेतला. मग तेही प्रमाणपत्रच नव्हे काय? प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, त्या प्रकरणातील भौतिकशास्त्र हे बांधकामाच्या परांचीसारखे आहे. बाबासाहेबांना जे पाडावयाचे होते ते ‘पूर्वजन्मीच्या पापामुळे तू अस्पृश्य जन्मलास’ हे वाक्य. आत्म्याचे संसरण नाकारल्यावाचून ते वाक्य पडत नव्हते. विज्ञानाची परिभाषा काळाबरोबर बदलेल. उद्या शक्तीचा सिद्धांत वेगळ्या शब्दांत मांडला जाईल. तरी ते पाडलेले वाक्य पुन्हा उभे राहणार नाही. परंतु परांचीलाच वास्तू समजून तिची पूजा करणे, हा आपला दोष आहे, ग्रंथाचा नव्हे.

या संदर्भात प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचेही स्मरण करावे. मद्रासमध्ये विज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाच्या १९०७ मधील बौद्धधर्मविषयक ग्रंथाच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. नरसू प्रयोगशाळेत जितके कठोर होते, तितकेच जातीच्या प्रश्नावरही कठोर होते. दोन्ही कसोट्या एकाच माणसात नांदू शकतात, याचा तो पुरावा आहे.

एका सकाळची गोष्ट

२६ डिसेंबर २०१९ रोजी सूर्यग्रहण झाले. कंकणाकृतीचा पट्टा केरळ-तमिळनाडूतून गेला. मालवण किनाऱ्यावर ते खंडग्रास, पण मोठे दिसले. त्या सकाळी प्रस्तुत लेखक किनाऱ्यावरील एका गावी आत्याकडे होता. ओटीवर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचे छायाचित्र. आठ वाजून गेले तशी आत्या गरोदर सुनेला म्हणाली, “गिराण लागला हा, भायर जाव नको.” लेखकाने पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून अंगणात सूर्याची चंद्रकोर पाडून दाखविली, पृथ्वी, चंद्र, छाया सारे समजावून सांगितले. आत्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “तुमचा विज्ञान खरा असात, पण पोराक कायव झाला तर?”

त्या प्रश्नाला लेखकाजवळ उत्तर होते, पण ते पुन्हा छायेविषयीचेच होते. आत्याचा प्रश्न छायेविषयीचा नव्हता. पहिले नातवंड दगावलेल्या घरातील ते भय होते आणि भयाला व्याख्यान पुरत नाही. सून त्या दिवशी घरातच राहिली. तिथे बसून ते भय ऐकून घ्यावे, तिला डॉक्टरांकडे नेऊन आणावे, हे सुचायला लेखकाला उशीर झाला. खरे सांगण्याच्या पहिल्या कसोटीला तो उतरला आणि दुसरीत नापास झाला.

आपल्या विहारांमध्ये पुढील ग्रहणाच्या दिवशी काय करावे? चन्द आणि सुरिय ही परित्ते ‘चतुभाणवारपालि’ या संग्रहात आजही आहेत. सुरियसुत्त उघडून वाचावे आणि ‘हे कारण चूक आहे’ असे उपासक-उपासिकांसमोर स्पष्ट सांगावे. त्यानंतर ब्रह्मजालसुत्तातील ग्रहणफळाचा निषेध वाचावा. मग सर्वांनी अंगणात यावे, गरोदर स्त्रियांसह. डोळ्यांना इजा न होता सूर्य पाहण्याची नीट व्यवस्था असावी. आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ग्रहणात दान मागितले व पुढे ते मागणे सोडले, त्यांनी ती हकिकत मुलांना सांगावी. छायेचे ज्ञान मुलांना शाळेतही मिळेल. ही हकिकत मात्र आपणच सांगितली पाहिजे. आपल्या धम्माच्या विज्ञाननिष्ठेचा सर्वांत भक्कम पुरावा तीच आहे.